मोटरसायकल प्रवासात अचानक पडलेला मुक्काम: हाती आलेला वेळ कसा वापरावा

पाऊस, बंद रस्ता, ताप किंवा तुटलेला एखादा भाग, कारण काहीही असो, गाडी मध्येच थांबली की पहिले दोन-तीन तास बहुतेकांचे एकाच रीतीने जातात. जॅकेट अंगात, हेल्मेट हातात, सामान गाडीवर बांधलेलं आणि नजर आभाळाकडे. यात प्रवासही होत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही. असा अर्धवट थांबा चालवणाऱ्याला पूर्ण दिवस गाडी चालवण्याइतकाच थकवतो. म्हणून पहिलं काम एकच: हा थांबा तासाभराचा आहे की रात्रीचा, ते ठरवा.

निघण्याची शेवटची वेळ

हे अंदाजाने ठरवू नका, हिशेब करा. समजा पुढचा मुक्काम १२० किलोमीटरवर आहे आणि रस्ता घाटाचा आहे. घाटात थांबे धरून ताशी ४० ची सरासरी पडते, म्हणजे ३ तास. त्यावर १ तास राखीव ठेवा. सूर्यास्त साडेसहाला असेल तर निघण्याची शेवटची वेळ अडीच वाजता. ही वेळ कागदावर लिहा, सोबत्यांना सांगा. अडीचपर्यंत रस्ता मोकळा झाला नाही तर मुक्काम पक्का, मग तीन वाजता लख्ख ऊन पडलं तरी. सामान उतरवल्यावर पुन्हा बांधून घाईने निघालेली गाडीच अंधारात, ओल्या रस्त्यावर, भुकेल्या पोटाने सापडते.

काही वेळा हिशेब करायचीही गरज नसते. वळणात चुकीच्या गिअरमध्ये शिरणं, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं, थंडीने बोलताना शब्द अडखळणं, बोटांना क्लच नीट न दाबता येणं: यातलं एकही लक्षण दिसलं तर त्या दिवशीचा प्रवास संपला.

आधी ती कामं, जी आपोआप होतात

मुक्काम ठरला की कामांचा क्रम महत्त्वाचा. ज्या गोष्टी सुरू करून दिल्या की आपोआप होत राहतात, पण वेळ खातात, त्या सर्वांत आधी: ओले कपडे वाळणं, फोन आणि पॉवर बँक चार्ज होणं, चेनवरचं तेल मुरणं, मागवलेला सुटा भाग येणं. अंघोळ, जेवण, झोप या सगळ्याच्या आधी या चार गोष्टींना हात घालावा. बूट सहा वाजता वाळत घातले तर सकाळी बरे असतात. रात्री दहाला आठवण झाली तर सकाळी ओल्या बुटात पाय घालावा लागतो.

त्याच ओघात गाडी नीट उभी करा. मऊ जमिनीवर साइड स्टँड रात्रीतून रुततो आणि गाडी आडवी होते, म्हणून त्याखाली तळहाताएवढा सपाट दगड, फळीचा तुकडा किंवा चेपलेला पत्र्याचा डबा ठेवा. उतारावर तोंड चढाकडे ठेवून पहिल्या गिअरमध्ये उभी करा. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड मिटतो. पावसाळी रात्री ओढ्याच्या काठची, झाडाच्या वाळक्या फांदीखालची आणि भिंतीच्या पायथ्याची जागा टाळा. सायलेन्सर गार व्हायला अर्धा-पाऊण तास द्या आणि मगच कव्हर घाला, नाहीतर ते वितळून चिकटतं. वारा जोराचा असेल तर कव्हर न घातलेलंच बरं, ते शिडासारखं फुगून गाडी पाडतं. डिस्क लॉक (ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप) लावलं तर त्यातून एक रंगीत दोरी हँडलपर्यंत आणून बांधा. सकाळच्या घाईत लॉक काढायला विसरून गाडी पुढे ढकलली की डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) दोन्हींचं नुकसान होतं.

चेन: गरम आहे तोवर

गाडीच्या देखभालीत एक सोपं सूत्र आहे. काही गोष्टी गरम असताना कराव्या लागतात, काही पूर्ण गार झाल्यावर. रोजच्या प्रवासात दोन्ही संधी एकत्र मिळत नाहीत, अचानक पडलेल्या मुक्कामात मिळतात. चेन हे गरम असतानाचं काम. कोमट चेनवर तेल पातळ होऊन फटींमध्ये शिरतं, आणि रात्रभर मुरलं की सकाळी चाकावर उडत नाही.

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चावी खिशात. चालू इंजिनवर चाक फिरवत चेन पुसण्याचा मोह कुणीही करू नये. फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रात, ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोट जातं. डबल स्टँड असेल तर चाक हाताने फिरवा. नसेल तर समोर दिसणारा चेनचा भाग साफ करा, गाडी वीतभर पुढे ढकला, पुढचा भाग घ्या. वेळ जातो, पण वेळच तर आहे.

साफ करायला चेन क्लीनर किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल वापरू नका, त्याने ओ-रिंगचं, म्हणजे चेनच्या सांध्यांमधल्या बारीक कड्यांचं, रबर खराब होतं आणि आगीचा धोका वेगळाच. तारेचा ब्रश ओ-रिंग कापतो. ओ-रिंगच्या आत कारखान्यातून भरलेलं ग्रीस असतं. ते एकदा निघून गेलं की बाहेरून कितीही तेल ओता, आतली पिन कोरडीच राहते. चेन पुसून दहा मिनिटं वाळू द्या. मागच्या टायरच्या आड पुठ्ठा धरा आणि खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूने, वंगण फवारा. चेन फिरताना वंगण बाहेरच्या दिशेने फेकलं जातं, आतून लावलं तर जाता जाता ते रोलरमधून जातं. चाकाचे दोन-तीन पूर्ण फेरे पुरतात. पंधरा मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसून टाका. दिसणारं वंगण फक्त धूळ पकडतं. चेनचं खास वंगण हाताशी नसेल तर ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल फडक्यावर घेऊन चालतं. ते जास्त उडतं, पण कोरड्या चेनपेक्षा कितीतरी बरं.

आता ढील. दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध खालचा पट्टा बोटाने वर-खाली करून एकूण हालचाल मोजा. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर लागते, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना ३५ ते ४५. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आणि तो कसा मोजायचा हे स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं, शेवटचा शब्द त्याचाच. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, आणि समायोजन करायचं ते सर्वांत घट्ट जागेवर. ॲक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेरा सारखेच फिरवा, खुणा जुळवा, नट आवळा आणि पुन्हा मोजा. नट आवळताना ढील बदलतो, म्हणून शेवटचं मोजमाप सोडू नका. अति घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट: सामानासकट गाडी खड्ड्यात दबली की चेन आणखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन हाताने ओढून पाहा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलायची वेळ आली आहे.

इंजिन ऑइलही याच वेळी बघा. इंजिन बंद करून तीन ते पाच मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी धरा आणि मग काचेतली पातळी पाहा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पातळी हमखास चुकीची दिसते. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. खोल पाण्यात गाडी बंद पडून इथवर आणली असेल तर सेल्फ मारायचाच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढा, तोंड भोकापासून दूर ठेवा, प्लगची कॅप बाजूला घेऊन इंजिन थोडं फिरवा आणि पाणी बाहेर येऊ द्या. एअर फिल्टरही उघडून पाहा.

टायर: गार झाल्यावर

टायरचा खरा दाब किमान तीन तास उभ्या असलेल्या गाडीवरच कळतो. चालून तापलेल्या टायरमध्ये तो तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसतो, आणि गरम टायरमधून हवा काढली तर सकाळी ती कमी भरते. साधारण दर ५ ते ६ अंश सेल्सियसला एक पीएसआयचा फरक पडतो, म्हणून उंचीवरच्या थंड गावात मुक्काम पडला की सकाळी दाब तपासणं आलंच.

रात्री टायर गार झाल्यावर दोन्ही चाकांचा दाब लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. हळूहळू हवा सोडणारं पंक्चर पकडण्याचा याहून सोपा उपाय नाही. रात्रीत तीन-चार पीएसआय गेले आणि तापमानाच्या फरकाने त्यांचा हिशेब लागत नसेल, तर साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्ह, रिमची कड आणि नक्षी तपासा.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल, तर पंप आणि प्लग किट (भोक बुजवायची रबरी पट्टी, ती आत ढकलायची सुई आणि खवल्या म्हणजे खरबरीत सळई) जवळ असल्याशिवाय तो उपटू नका. दोन्ही असतील तर मुक्कामाची जागा रस्त्याच्या कडेपेक्षा कितीतरी चांगली. खिळा कोणत्या कोनात गेला आहे ते बघून ठेवा आणि पक्कडीने काढा. त्याच कोनात खवल्या आठ-दहा वेळा आत-बाहेर फिरवून भोक खरबरीत करा. इथे हयगय झाली की पट्टी पकड घेत नाही. पट्टी सुईत मधोमध ओवून दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकी आत ढकला आणि सुई न पिळता झटक्यात ओढा. हवा भरा, थुंकी किंवा साबणपाणी लावून बुडबुडे बघा, बाहेरची टोकं तीनेक मिलिमीटर ठेवून कापा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पट्टी लावायची नाही, टायर बदलायचा. गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप वापरताना इंजिन चालू आणि गाडी उघड्यावर ठेवा, नाहीतर हवा भरेल आणि गाडी सुरू होणार नाही.

बॅटरीही विसावल्यावरच खरं बोलते. खिशातला छोटा मीटर असेल तर काही तासांनंतर साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू करून ३,००० ते ४,००० आरपीएमला सुमारे १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. दोन्ही बाबतींत निर्जन टप्प्यावर निघू नका. फोनचा होल्डर-चार्जर आणि जादा दिवे चावी बंद केल्यावरही वीज ओढतात का, तेही रात्री पाहून घ्या.

बाकी तपासणी भराभर होते. ब्रेक पॅडचं अस्तर २ मिलिमीटरच्या खाली असेल तर पुढच्या शहरात बदला, १ मिलिमीटरवर घाट उतरू नका. ब्रेक फ्लुइडची पातळी खाली गेली असेल तर आधी पॅड बघा. पॅड झिजले की पातळी उतरतेच, आणि वरून भरलेलं फ्लुइड नवे पॅड बसवताना बाहेर सांडून रंग खातं. क्लच केबल लिव्हरच्या टोकाशी तपासा. एक-दोन तारा तुटलेल्या दिसल्या तर आजच बदला, उरलेल्या फार साथ देत नाहीत. आरसे, कॅरिअर, सायलेन्सरचा क्लॅम्प, फूटरेस्ट, साइड स्टँडचा बोल्ट हे धक्क्यांनी सैल होणारे नेहमीचे भाग. आवळून झाल्यावर बोल्ट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून मार्करने एक रेघ ओढा. पुढच्या थांब्यावर रेघ तुटलेली दिसली की पान्हा न लावताच कळेल.

ओलं सामान

बुटातलं अस्तर किंवा इनसोल काढा, आत कागदाचे बोळे भरा आणि पहिल्या रात्री ते दर दीड-दोन तासांनी बदला. बोळे भरून विसरलात तर ओल आतच राहते. चामडं शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नका, ते आकसतं आणि तडकतं. पंख्याचा वारा उष्णतेपेक्षा चांगला. हातमोजे बोटं वर आणि तोंड खाली असे टांगा, म्हणजे पाणी बोटांच्या टोकांत साचत नाही. ओले हातमोजे काढताना एकेक बोट टोकाला धरून सैल करा. मनगटाकडून ओढले तर आतलं अस्तर उलटं बाहेर येतं आणि पुन्हा बोटांत बसत नाही. आतले कपडे पिळून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि त्या गुंडाळीवर उभे राहा. वाळण्याचा वेळ बराच कमी होतो.

हेल्मेटचे गालाचे पॅड निघत असतील तर काढून धुवा. काचेवर किडे वाळले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मग पुसा, घासू नका. पेट्रोल, थिनर किंवा चेन क्लीनरचा हात काचेला लागू देऊ नका, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. फोनचं चार्जिंगचं तोंड ओलं असेल तर चार्जर लावू नका. फोन तोंड खाली करून वाऱ्यात ठेवा.

शरीर

हेल्मेटच्या आत, १०० च्या वेगाला, वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. दिवसभराचा थकवा बराचसा त्या आवाजाचा असतो, म्हणून मुक्कामावर पहिला अर्धा तास शांतता मिळेल अशी जागा शोधा. थांबा दोन-तीन तासांचाच असेल तर २० मिनिटं झोपा, गजर लावून. तीस मिनिटांच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं जड राहतं, त्या अवस्थेत हँडल धरू नये. चहा-कॉफी झोपण्याच्या अगदी आधी प्या, तिचा असर चढायला २०-३० मिनिटं लागतात. रात्रीचा मुक्काम असेल तर मात्र दुपारनंतर ती बंद. पाणी प्यायला विसरू नका: जॅकेटमध्ये घाम वाऱ्याने उडून जातो आणि किती पाणी गेलं ते कळत नाही. लघवी फिकट पिवळी होईपर्यंत पीत राहा. मनगटं, मान आणि मांडीच्या पुढचे स्नायू प्रत्येकी अर्धा मिनिट ताणा, दोन-तीनदा.

उरलेल्या वेळात पायी फिरा, आणि त्यातही उद्याच्या रस्त्याच्या दिशेने. खडी कुठे आहे, पाणी कुठून वाहतं, पंप किती वाजता उघडतो, हे त्याच फेरीत कळतं. समोरून आलेल्या ट्रकचालकाला विचारा. तो रस्ता त्याने तासाभरापूर्वी पाहिलेला असतो. गाडी घेऊन फिरायचंच असेल तर सामान उतरवलेल्या गाडीचं वागणं बदलतं हे ध्यानात ठेवा. ओझ्यासाठी वाढवलेला टायरचा दाब आणि प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) आता कडक वाटतो आणि मागचं चाक ओल्यात लवकर सुटतं. चार किलोमीटरसाठीही हेल्मेट, बूट, हातमोजे पूर्ण.

सुट्या भागाची वाट पाहताना

बिघाडामुळे अडकलात तर दुकानदाराला गाडीचं मॉडेल, वर्ष, चेसिस क्रमांक आणि जुन्या भागाचा मोजपट्टीसह फोटो पाठवा. भागावर क्रमांक कोरलेला असेल तर तो वेगळा लिहा. नुसत्या नावावर मागवलेला भाग चुकीचा आला की आणखी दोन दिवस गेले. भाग हाती येईपर्यंत गरजेपेक्षा जास्त खोलू नका. जे खोलाल त्याचा प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्या आणि बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच रचनेत खोचा, कारण सारख्या दिसणाऱ्या बोल्टची लांबी बऱ्याचदा वेगळी असते. जुना भाग फेकू नका. नवा त्याच्या शेजारी ठेवून भोकं, खाचा, लांबी जुळवा, मगच बसवा. फ्यूज गेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

हातातून गेलेला दिवस

गेलेला दिवस वेगाने भरून काढता येत नाही, आणि हे आकड्यांनी पटवून घेतलेलं बरं. ३०० किलोमीटरला ५० च्या सरासरीने ६ तास लागतात, ६० च्या सरासरीने ५. वाचला एक तास. पण गावं, फाटक, वळणं आणि थांबे तेवढेच राहतात, त्यामुळे सरासरी दहाने वाढवायला मोकळ्या रस्त्यावर वेग वीस-तीसने वाढवावा लागतो. तेव्हा वेळ कापायचा तो नकाशावरच: एखादं ठिकाण गाळा, दोन रात्रींच्या मुक्कामातली एक काढा, किंवा परतीचा जवळचा रस्ता घ्या. हा निर्णय रात्री, पोट भरल्यावर घ्या आणि पुढचं आरक्षण लगेच बदला. घरी ठिकाण कळवा आणि पुढचा निरोप किती वाजता येईल तेही सांगा. त्या वेळेनंतर किती वाट पाहायची हेही ठरवून ठेवा.

सामान पुन्हा बांधताना आतापर्यंत एकदाही न लागलेल्या वस्तूंचा ढीग वेगळा करा. परत पाठवता येत असेल तर पाठवा. जड वस्तू खाली आणि पुढे, सीटच्या जवळ. हत्यारं, पंप आणि रेनकोट सगळ्यात वर. पट्ट्यांची लोंबती टोकं केबल टायने बांधा. चेनमध्ये गेलेला पट्टा मागचं चाक जागच्या जागी अडकवतो.

सकाळी बूट झटकून घाला. मागच्या टायरवर वंगणाचे थेंब नाहीत ना ते पाहा. पावसाळी रात्रीनंतर डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, म्हणून पहिल्या शंभर मीटरमध्ये दोन्ही ब्रेक चार-पाचदा हलके दाबा, खरखर थांबते. पाच किलोमीटरवर एकदा थांबून सामानाच्या पट्ट्या पुन्हा ओढा, नव्याने बांधलेलं ओझं तेवढ्यात बसलेलं असतं.